कोमट पाण्याचा हिवाळा

न्हावऱ्यात थंडी आल्याचं मला कॅलेंडरवरून कळत नाही, ट्रॅक्टरवरून कळतं. पाटसकडच्या कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून रस्त्यावर घासत जाणारी उसाची टोकं, आणि या सगळ्याच्या मागे स्कूटीवर मी, पहिल्या तासाला उशीर होणार म्हणून तोंडातल्या तोंडात शिव्या देत. एवढं जमून आलं की समजायचं, हिवाळा लागला. मग वर्गात पोरं स्वेटरच्या बाह्या चघळायला लागतात, स्टाफरूममध्ये कुणीतरी बोरांची पिशवी आणून ठेवतं आणि घराघरांतल्या गोधड्या उन्हासाठी गच्चीवर जातात.

माझा खरा हिवाळा मात्र मोरीच्या मागच्या भिंतीवर लागतो. तिथे कमरेइतक्या उंचीवर मुठीएवढा एक पितळी व्हॉल्व्ह आहे. एका बाजूनं त्यात सोलरचं कढत पाणी येतं, दुसऱ्या बाजूनं टाकीचं गार पाणी येतं, आणि खालून कोमट पाणी मोरीतल्या नळाला जातं. किती कोमट, ते त्याच्या डोक्यावरची चकती फिरवून ठरवायचं. दरवर्षी थंडीच्या तोंडाला मी तो खोलते, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून अंगावरचे क्षार काढते आणि परत बसवते. परवा रविवारी तेच चाललं होतं. हातात पाना, दातात टेफ्लॉनची पांढरी टेप, आणि शेजारी खुर्चीवर कानटोपी घालून देखरेखीला आप्पा, म्हणजे माझे सासरे. माझा एकंदर आवेश बघून ते म्हणाले, औंदा निसतं काढून घालायचंय, मोडायचं काय न्हाई. त्यांना व्हॉल्व्हचा तो पहिला हिवाळा आठवला होता हे उघड होतं. मलाही आठवला, आणि टेप दातात धरूनच मी हसले.

त्या हिवाळ्यात आप्पा ब्याऐंशीचे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी शेती केली, पण गावात त्यांची ओळख इंजिनवाले आप्पा अशीच. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा आवाज बांधावरून ऐकून त्याचं काय दुखतंय ते सांगायचे म्हणे. इंजिनं गेली, मोटारी आल्या, पण कान तसेच राहिले. माझ्या स्कूटीची चेन सैल झाली की मला कळायच्या आधी त्यांना कळतं, आणि मिक्सर लावला की ते ओसरीवरून म्हणतात, बुश गेलाय. आणि खरंच गेलेला असतो.

आमच्या घरात पाणी तापतं ते गच्चीवरच्या सोलरमध्ये. तो तेव्हाच दहा-बारा वर्षांचा झाला होता. मला त्याचं एक फार आवडतं, की आपण आज आंघोळीला जे पाणी घेतो त्यात कालचं ऊन असतं. माहेरी, शिरूरकडे, चुलीवरच्या हंड्यातलं पाणी असायचं. त्याला धुराचा वास यायचा, आई हात बुडवून बघायची, बरं आहे म्हणायची आणि मी किंचाळायचे. आईच्या हाताला भाकरी थापून थापून काही कळेनासं झालं होतं हे मला फार उशिरा समजलं. सोलरला धूर नाही, वास नाही, पण पाणी फसवं. नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी येतं. माणूस म्हणतो, आज तापलंच नाही, आणि नळ आणखी सोडतो. मग कालचं सगळं ऊन एकदम अंगावर येतं.

तरण्या माणसाला त्याचं काही नाही. तो ओरडतो, उडी मारतो, नळाला चार शब्द ऐकवतो. पण आप्पांना वीसेक वर्षं साखरेचा त्रास. चहूकडे साखरेचा मुलूख आणि साखर नाही ती फक्त आप्पांच्या चहात. त्या दुखण्यानं त्यांच्या पावलांतली जाणीव गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं तसेच चालत जायचे. एक दिवस ते ओसरीवर पाय पसरून बसलेले असताना मला त्यांच्या डाव्या पावलावर टम्म फोड दिसला. मी विचारलं तर म्हणाले, कायतरी चावलं आसंल. मोरीत चावण्यासारखं सोलरच्या पाण्याशिवाय काही नव्हतं.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि बजावलं, आंघोळीच्या वेळी जवळ कुणीतरी पाहिजे, पाणी हातानं बघून द्यायला. कुणीतरी म्हणणं डॉक्टरांना सोपं होतं. घरात आम्ही माणसं तीन. हे दौंडला रेल्वेत फिटर. ड्यूटीच्या पाळ्या असतात म्हणून तिकडेच राहतात, सुट्टीला घरी येतात. उरले मी आणि आप्पा. आता मी स्कूटी चालवते, डोक्यावर पदर घेत नाही, ग्रामसभेत उठून बोलते, पण आप्पा अजून स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आधी खाकरतात आणि मगच पाणी मागतात. सून मोरीत उभी राहून सासऱ्याला पाणी देणार ही गोष्ट आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलूनही दाखवली नसती. मी बादलीत पाणी कालवून ठेवायला लागले. पण आप्पांची आंघोळ हा चाळीस मिनिटांचा कार्यक्रम. बादली दहा मिनिटांत संपायची आणि आतून नळ सोडल्याचा आवाज यायचा. बाहेर माझा जीव खालीवर.

फोडाची बातमी केडगावला पोचायला वेळ लागला नाही. तिथे माझ्या नणंदबाई राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते आणि थोडी भितेही. वन्सं मनानं फार मऊ, पण बोलायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप उभा राहतो. त्या आल्या, पाय बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि निकाल दिला. त्यांच्या घरी नवरा, दोन तरणे मुलगे. गडीमाणसांना तोटा नाही, कुणीही आप्पांना आंघोळ घालेल. तेव्हा थंडी सरेपर्यंत आप्पा केडगावला. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते, कपडे भरून ठेवा.

पण आमच्या गल्लीतले दोघे जण असेच थंडी सरेपर्यंत म्हणून लेकीकडे गेले होते आणि त्यांच्या दारांना अजून कुलपं आहेत. डेअरीला दूध घालायला जाताना आप्पा रोज त्यातल्या एका कुलपासमोरून जायचे. त्यांना घर सोडायचं नव्हतं, आणि लेकीच्या घरी, जावयासमोर, नातवाच्या हातून आंघोळ घालून घ्यायची नव्हती. यातलं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही. त्यांनी फक्त आंघोळ बंद केली. विचारलं की म्हणायचे, थंडी हाय. कधी म्हणायचे, हातपाय धुतले की. एक, दोन, पाच, आठ दिवस झाले. उन्हात बसायचे तेव्हा मी वाऱ्याची दिशा बघून कपडे वाळत घालायला लागले, यावरून काय ते समजा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की बाईंना विचारा, असं आमच्याकडे धरून चालतात. आप्पाही मला बाईच म्हणतात, गाव म्हणतं तसं. पण हा उपाय मला विज्ञानानं सुचवला नाही. परसातल्या कांद्याच्या रोपाला ठिबक करायचं होतं म्हणून मी शिरूरला पाइपांचे जॉइंट आणायला गेले होते. ओळखीचं हार्डवेअरचं दुकान, मालक बोलका. बोलता बोलता मी त्याला आप्पांच्या पायाचं सांगितलं. तो उठला, माळ्यावरून धुळीनं भरलेला एक खोका काढला आणि फुंकर मारून माझ्यासमोर ठेवला. कुठल्याशा बंगल्यासाठी मागवलेला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह होता, त्यांनी नेलाच नव्हता. "आत मेन आसतंय मॅडम," तो म्हणाला, म्हणजे मेण. "पानी जास्त गरम झालं की मेन फुगतं आन् गरमाची वाट आडवतं. गार झालं की आवळतं, वाट मोकळी करतं. करंट नको, काय नको."

उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, हे मी इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेत आले. तो धडा असा पितळेच्या डबीत घालून कुणी आप्पांच्या मोरीसाठी ठेवून दिला असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी डबी घेतली. दुकानदारानं मला तीनदा सांगितलं की हे आपलं आपण बसवू नका, आमचा फिटर येईल.

तो फिटर फोनवर फार चांगला माणूस होता. मंगळवारी सकाळी तो निघाला. दुपारीही निघालेला होता. संध्याकाळी फोन केला तेव्हा तो निघतच होता. बुधवारी त्याचा फोन बंद लागला. मी ह्यांना दौंडला फोन केला. हे आख्खं रेल्वेचं इंजिन खोलून परत जोडतात असं ते सांगतात, मी पाहिलेलं नाही. घरातला नळ गळत असला तर मात्र त्याखाली शांतपणे बादली ठेवतात. त्यांनी सल्ला दिला की घाई करू नको, पुढच्या सुट्टीला आलो की बघू. पुढची सुट्टी वन्संच्या रविवारानंतर होती. गुरुवारी मी रजा टाकली आणि साडीचा पदर खोचला.

ठिबकची कामं मी बरीच केली आहेत. पण ठिबकचा पाइप प्लॅस्टिकचा, गरम पाण्यात धरला की ऐकतो. मोरीमागचा पाइप लोखंडी, त्यात बारा वर्षांचा गंज आणि बोअरच्या पाण्याचे क्षार. पाना लावला, लोंबकळले, पाय भिंतीला लावून ओढलं. पाइप ढिम्म. आप्पा समोर खुर्ची टाकून बसले होते, आठ दिवसांचे, उन्हात. बराच वेळ त्यांनी माझी कुस्ती पाहिली आणि मग म्हणाले, पान्याच्या दांडीवर लांब पाइप चढव आन् मग दाब. चढवला, दाबला, आणि जॉइंट सुटला. त्याच्याबरोबर भिंतीचा परातीएवढा गिलावाही सुटला, आणि पाइपात अडकलेलं गार पाणी माझ्या बाहीतून आत शिरून थेट कमरेपर्यंत गेलं. आप्पा म्हणाले, कॉक बंद केला का, आसं इचारनारच व्हतो.

दिवसभर असंच चाललं. गल्लीतून जाणारा प्रत्येक पुरुष दोन मिनिटं थांबून, वैनी, तुम्ही सरका, म्हणायचा आणि मी पाना पुढे केला की त्याला काम आठवायचं. टेप मी उलट्या बाजूनं गुंडाळली, ती सगळी आट्यांतून बाहेर आली. पुन्हा गुंडाळली. गार पाण्याची जोडणी रोपाच्या ठिबकशेजारून घेतली आणि तिथे सवयीनं दोन कॉक शेजारी शेजारी बसवले, एक रोपाचा, एक मोरीचा. आणि शेवटी, शहाणपणाचा कळस म्हणून, मी एक बायपास काढला. म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालून सोलरचं पाणी थेट मोरीत नेणारा पाइपाचा तुकडा, त्याला एक कॉक. हे त्या डबीवरच्या कागदात कुठेही नव्हतं. पण ठिबकवाल्या माणसाच्या हाताला हे वळण असतंच. फिल्टर तुंबला तर पीक वाळायला नको, म्हणून फिल्टरच्या बाजूनं एक चोरवाट ठेवायची. आप्पांनी विचारलं, ह्ये कशाला? मी म्हटलं, अडीअडचणीला. ते हूं म्हणाले. त्या हुंकाराचा अर्थ मी विचारायला हवा होता.

संध्याकाळच्या आत पाणी सोडलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी रुमालात गुंडाळून आणला होता. बादलीत धरला, एकोणचाळीस. दहा मिनिटांनी एकोणचाळीस. सोलरचा कॉक पूर्ण सोडला, तरी एकोणचाळीस. मी भिंतीवर पेन्सिलनं आकडे लिहीत गेले आणि मला इतका आनंद झाला की गेलेल्या गिलाव्याचं काहीच वाटलं नाही. शाळा माझी अकराची. शुक्रवारी सकाळी दहाला आप्पा नऊ दिवसांनी मोरीत गेले. मी मागे भिंतीपाशी उभी होते, व्हॉल्व्हवर हात ठेवून. आत पाण्याचा आवाज, मग तांब्याचा, मग अंग घासल्याचा. मधून मधून पितळ हाताखाली टक् करायचं, म्हणजे आत मेण आपलं काम करत होतं. पन्नास मिनिटांनी आप्पा बाहेर आले, गुलाबी होऊन. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, व्हॉल्व्हकडे बघितलं, आणि म्हणाले, ग्वाड हाय पानी.

कोमट हा शब्द आपण फार हेटाळणीनं वापरतो. तरुणपणी काहीच कोमट चालत नाही. चहा कढत पाहिजे, पाणी फ्रिजमधलं पाहिजे, भांडण तर उकळतं पाहिजे. मग केव्हातरी गुडघे बोलायला लागतात आणि कळतं की जन्मभर ज्याला नावं ठेवली त्या कोमटात किती सुख आहे. त्या शुक्रवारी आप्पांच्या चेहऱ्यावर ते सुख मी पाहिलं. शनिवारही तसाच गेला. मी मनातल्या मनात वन्संशी बोलायला लागले. त्या संवादात मी फार मुद्देसूद बोलत होते आणि वन्सं गप्प होत्या.

रविवारी सकाळी मी रोपाला पाणी सोडलं आणि घर आवरायला लागले. साडेनऊला जीप आली. वन्सं उतरल्या, हातात आप्पांचे कपडे भरायला रिकामी पिशवी. आप्पा म्हणाले, आंघूळ करून येतो, आणि मोरीत गेले. वन्संना वाटलं ते निघायची तयारी करतायत. मी त्यांना हाताला धरून मोरीमागे नेलं आणि मनातलं भाषण उघड्यावर सुरू केलं. मेण फुगतं, मेण आवळतं, करंट नको, आता आप्पांना भाजणं शक्यच नाही, हे बघा भिंतीवर आकडे. वन्सं कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. त्यांचा हात कमरेवरून हळूहळू खाली येत होता. माझं जिंकणं अगदी हातभर अंतरावर होतं.

तेवढ्यात आतला पाण्याचा आवाज बारीक झाला, थेंब थेंब झाला आणि थांबला.

आतून आप्पांचा आवाज आला. त्यांनी सांगितलं की पाणी थांबलंय आणि डोळ्यांत साबण आहे. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी पाना उचलला आणि व्हॉल्व्हच्या डोक्यात तीन वेळा हाणला. आमच्याकडे न चालणाऱ्या सगळ्या वस्तूंवर पहिला उपचार हाच असतो. काही झालं नाही. मग मी जाणकार चेहरा करून म्हटलं, क्षारांनी तुंबलाय, घाबरू नका, मी सोय केलेली आहे. आणि बायपासचा कॉक उघडला.

पाणी धो धो पडल्याचा आवाज आला. त्या एका क्षणाचा अभिमान मला आजही आठवतो. दुसऱ्या क्षणी मोरीच्या झरोक्यातून वाफेचा लोट बाहेर आला. वन्सं ओरडल्या. मी कॉक फिरवला, आधी चुकीच्या बाजूला, मग बरोबर. कॉक बंद झाल्यावरही मी तो आवळतच राहिले. आत आंधळे झालेले आप्पा, त्यांचे ते बधिर पाय, आणि त्यांच्यावर साठ-सत्तर डिग्रीचं पाणी मी, माझ्या हातानं, वाट काढून सोडलेलं. दार लोटून आत जावं की न जावं, हे मला त्या वेळीही ठरवता येईना, याची मला नंतर फार लाज वाटली.

आतून शांतपणे आवाज आला. "बाई, ह्ये पानी न्हाई, च्याचं आधन हाय. बादलीत पडलंय. मी कोपऱ्यात हाय."

आप्पा पुढे बोलत होते, जसं काही ते बांधावर उभे आहेत आणि विहिरीवर कुणी अडाणी माणूस इंजिनाशी झटतोय. "त्या वॉलला मारू नगंस. त्यो शाना हाय. थंड येत न्हाई म्हनून त्यानं गरम बी धरून ठिवलंय. थंडाचा कॉक बग."

मी बघितलं. दोन कॉक शेजारी शेजारी. रोपाचा उघडा, मोरीचा बंद. तो सकाळी मीच बंद केला होता. ठिबकमध्ये दोन प्लॉट एकदम चालवत नाहीत, दाब पुरत नाही. एक उघडायचा तर आधी दुसरा बंद करायचा. हे माझ्या हाताला इतकं बसलंय की त्यासाठी हात डोक्याला विचारत नाही. रोपाला पाणी देताना हातानं मोरी हा दुसरा प्लॉट धरला आणि बंद करून टाकला. गार पाणी थांबलं, मेण फुगलं, व्हॉल्व्हनं गरमाची वाट पुरती बंद केली. द्यायला फक्त भाजणारं पाणी उरलं होतं, म्हणून त्यानं काहीच दिलं नाही. त्याला ज्यासाठी आणला होता नेमकं तेच त्यानं केलं, आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याबद्दल त्याला पान्यानं मारलं आणि मग त्याला वळसा घातला.

मी मोरीचा कॉक उघडला. टक् झालं. आत पाणी पडायला लागलं. वन्संनी रडवेल्या आवाजात विचारलं की आप्पा, कुठं भाजलं का. आप्पा म्हणाले, न्हाई, कोमट आलं, आता तुमी दोघी फुडं जावा, मला आंघूळ करू द्या.

पुढच्या ओसरीवर वन्सं मला बोलल्या. बरंच बोलल्या. म्हणाल्या, माणूस घरात ठेवायचा म्हणजे पाइपांचा खेळ नव्हे, आज थोडक्यात वाचलं, उद्याचं काय. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी आत जाऊन आप्पांचे दोन सदरे, दोन धोतरं, औषधाचा डबा काढून पिशवीपाशी ठेवले. मनातून मी हरले होते. आप्पांना घरात ठेवण्याचा हट्ट त्यांच्यासाठी होता की माझ्या पितळी डबीसाठी, हेही मला सांगता आलं नसतं.

आप्पा आले. धुतलेलं धोतर, केस विंचरलेले. त्यांनी पिशवी बघितली, वन्संचे डोळे बघितले, माझी मान बघितली. खाली बसले आणि आधीचा भाजलेला पाय पुढे करून त्याला नेहमीचं मलम लावायला लागले.

"चूक बाईची व्हती, वॉलची न्हाई," ते वन्संना म्हणाले. "आन् ती मला आतनं कळली का न्हाई?"

वन्सं म्हणाल्या की कळली, पण आमच्याकडे हे कळायची वेळच येणार नाही, पोरं सगळं करतील.

"व्हय, करतील," आप्पा म्हणाले. "हितं मी आंघूळ करतो. तुझ्याकडं मला आंघूळ घालतील. घालायची येळ येनारच हाय की पोरी, तवा घाला सगळी मिळून. तवर करू दे."

मी काहीतरी घेण्याच्या निमित्तानं आत गेले आणि उगाच पिठाच्या डब्याचं झाकण उघडून उभी राहिले. थोड्या वेळानं वन्सं मागून आल्या, डब्यातलं पीठ परातीत घेतलं आणि भाकरी थापायला बसल्या. दुपारी जेवून त्या निघाल्या तेव्हा पिशवी रिकामीच होती. जाताना मोरीमागे जाऊन त्यांनी बायपासकडे बोट दाखवलं आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या की हे काढ. मी त्याच दिवशी कॉकची दांडी काढली. आप्पांनी ती मागून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली, आणि पाइप कापून टाकेपर्यंत आठवडाभर ती तिथेच होती. मोरीच्या कॉकलाही मी तार गुंडाळली, म्हणजे हातानं परस्पर निर्णय घ्यायला नको. सगळा हिवाळा वन्संचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आप्पा कसे आहेत, हे नंतर. आधी विचारायच्या, आज किती डिग्री?

त्याला आता काही वर्षं झाली. गिलावा तसाच पडलेला आहे. ह्यांनी तेव्हा सुट्टीला आल्यावर व्हॉल्व्हची पाहणी केली, एका जॉइंटवर बोट ठेवून मी असतो तर इथे युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, टाकलं असतं म्हणाले, आणि चहा मागितला. आप्पांचे पाय आता आणखी बधिर झालेत. भिंतीला धरून चालतात. मोरीत मी एक स्टूल ठेवलं आहे आणि त्याबद्दल आम्ही कुणी काही बोलत नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या रविवारपासून आप्पा आंघोळीला गेले की मी मोरीमागे उभी राहते. कढीपत्ता खुडते, रोपातलं गवत काढते, कपड्यांचे चिमटे मोजते. कान आत. तांब्या खाली पडला की माझ्या हातातलं सगळं थांबतं. नळ बंद झाला, धोतर झटकल्याचा आवाज आला, की मी सावकाश पुढे येते आणि स्कूटी काढते. शाळेला मला हिवाळ्यात उशीर होतो तो ट्रॅक्टरमुळे होतो असं सगळे समजतात. आप्पांनीही कधी काही दाखवलं नाही, त्यामुळे त्यांना माहीत नाही असं मी धरून चालले होते.

काल सोमवारी व्हॉल्व्ह पुन्हा बसवल्यानंतरची पहिली आंघोळ. मी भिंतीपाशी होते, अगदी बिनआवाज, चप्पलही न घालता. आत पाणी पडत होतं. मधेच नळ बारीक झाला आणि झरोक्यातून आप्पांचा आवाज आला.

"बाई, शाळंला उशीर व्हतोय. जा तू. मी हाय."

मी बरं म्हटलं. आणि पाणी चालू असतानाच तिथून निघाले.